दुसऱ्या पोत्याचं अपील

सांगलीच्या शाळेत मला ड्रिल मास्तरची कायम नोकरी लागली ती एका निकालामुळे. निकाल मीच दिला होता आणि तो बरोबर होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिकत ऐकून लोक हटकून विचारतात, ‘मग तुमचं चुकलं कुठं?’ चुकलं कुठंच नाही. तरी जितकी वर्षं ती नोकरी केली, तितकी वर्षं दुसऱ्याच्या ताटातलं जेवतोय असं मला वाटत राहिलं.

लढाई संपून लोक पलटणीतून घरी येत होते तेव्हाची गोष्ट. मी साताऱ्याच्या एका शाळेत हंगामी ड्रिल मास्तर होतो. त्याआधी मद्रासकडे व्यायामशिक्षणाचा कोर्स करून आलो होतो आणि तिथून सॉफ्टबॉल नावाचा खेळ शिकून आलो होतो. आमच्या भागात तो कुणी पाहिलेला नव्हता. मला येत होता, म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी. सुताराकडून मी दांडू करून घेतले. पहिला बाभळीचा केला तो इतका जड झाला, की शेवटी शाळेच्या शिपायानं तो दाराला अडसर म्हणून लावला. चेंडू चांभारानं शिवून दिला. मैदानावर तीन कोपऱ्यांत वाळू भरलेली छोटी पोती आणि चौथ्या कोपऱ्यात जेवायला बसायचा पाट. पालक येऊन बघत आणि म्हणत, “मास्तर, ह्यो इटीदांडूच की. इटी तेवढी गोल केलीया.” मला राग यायचा. पण त्यांचं फारसं चुकत नव्हतं.

खेळ साधा आहे. चेंडू मारायचा आणि पहिल्या पोत्याकडे धूम ठोकायची; तिथून दुसरं, तिसरं आणि परत पाटावर. पाटावर पोचला की एक रन. वाटेत प्रत्येक पोत्याला पाय लागला पाहिजे. तीन गडी बाद झाले की डाव पालटतो. गंमत पुढे आहे. एका पोत्यावर एकच गडी राहू शकतो, म्हणून मारणारा पहिल्या पोत्याकडे पळत सुटला की तिथं आधीच उभा असलेल्या गड्याला दुसऱ्याकडे पळावंच लागतं. तिथं मर्जीचा सवाल नाही. याला आम्ही ‘जबरी’ म्हणायचो. चेंडू त्याच्याआधी दुसऱ्या पोत्यावर पोचला तर तो जबरीनं बाद, आणि तो तिसरा गडी असला तर त्या फटक्यावर दुसरा कुणी पाटावर पोचला असला तरी त्याची रन धरत नाहीत.

आणखी एक नियम अपिलाचा. पळणारा एखादं पोतं चुकवून पुढे गेला, तर अंपायरनं बघितलं तरी मूग गिळून गप्प बसायचं. समोरच्या संघातला कुणी चेंडू घेऊन त्या पोत्याशी उभा राहिला आणि त्यानं विचारलं, तरच बोलायचं. कुणी विचारलंच नाही तर चुकलेलंही खपून जातं. साताऱ्यात कोर्टकचेरी घरोघरची, त्यामुळे अपील पोरांना एका दमात समजलं.

सांगलीत हा खेळ माझ्या आधीच पोचला होता. तिथल्या एका शाळेत पलटणीतून सुटून आलेला एक माणूस पोरांना तो शिकवायचा. पलटणीत नाईक होता म्हणून सगळे त्याला नाईकच म्हणत. मूळचा कवठे महांकाळकडच्या एका खेड्यातला. लढाईत आसामकडे रस्ता बांधायच्या कामावर होता. तिथं अमेरिकन गोरे रविवारी सॉफ्टबॉल खेळत आणि गडी कमी पडला की याला हाक मारत. त्याला नियमांची नावं येत नव्हती, पण खेळ अंगात भिनला होता. शाळेत ड्रिल मास्तरची जागा रिकामी होती आणि ती आपल्याला मिळावी म्हणून तो बिनपगारी राबत होता. गावाकडे कोरडवाहू रान, त्यात चार भावांच्या वाटण्या. पहिल्या भेटीतच मला म्हणाला, “येवढी जागा गावली की बायकूपोरास्नी हितं आणतो मास्तर. तितं पाऊस आला तर आला, न्हाई तर न्हाई.”

तर साताऱ्याचा आणि सांगलीचा असा एक सामना ठरला. शिक्षक आणि सुटून आलेले शिपाई मिळून दोन्ही संघ केले होते. नियम माहीत असलेला अंपायर मी एकटाच, म्हणून साताऱ्याचा असूनही सांगलीकरांनी मला मान्य केलं. त्या विश्वासाचं तेव्हा मला फार अप्रूप वाटलं होतं.

गणपती उठले होते, शाळू पेरायचे दिवस होते. मैदान नदीकडच्या बाजूला होतं. सकाळी पोती मांडताना दुसरं पोतं उसवलं आणि वाळू भसकन खाली आली. शाळेच्या कमिटीवर एक अडत्या शेठ होते, जैन, बोलायला मऊ, कुस्तीचे मोठे षौकीन. ते म्हणाले, “दुकानातून आत्ता मागवतो. दारामागं कोंड्याचं एक छोटं पोतं आहे.” हमाल पोतं घेऊन आला. मी बुटाच्या टोकानं ते दाबून बघितलं, घट्ट होतं. म्हटलं, चालेल.

खेळ सुरू व्हायच्या आधी शेठ मधोमध येऊन उभे राहिले. कुस्तीच्या फडात इनाम पुकारायची सवय त्यांना. नाईकाच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हा माणूस कधीपासून आमच्या पोरांना फुकट शिकवतोय. आज सांगलीनं सामना मारला, तर उद्यापासून हा आमचा ड्रिल मास्तर. फडात दिलेला शब्द आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाईकानं शेठना खाडकन सलाम ठोकला. त्याचे कान लाल झाले होते.

सामना चुरशीचा झाला. शेवटच्याच्या आधीच्या डावात आमचा साताऱ्याचा एक गडी घसरत दुसऱ्या पोत्यावर आला आणि पोत्याची शिवण फाटली. थोड्या वेळानं तिथून जाताना मला पोत्याच्या तोंडाशी ज्वारीचे दाणे दिसले. म्हटलं, जुनं पोतं असेल, सांदीत दाणे राहिले असतील. सामना संपला की बघू. मी पुढे गेलो, आणि जाताना पोत्याला वळसा घालून गेलो. वळसा घातला हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. नंतर ते कधी ध्यानातून गेलं नाही.

शेवटच्या डावात दोन्ही संघांच्या रन सारख्या झाल्या होत्या. सांगलीची पाळी, दोन गडी बाद. तिसऱ्या पोत्यावर त्यांचे ड्रॉइंग मास्तर, पहिल्यावर नाईक. मारायला शाळेच्या कचेरीतला एक तरुण कारकून आला. त्यानं डोळे मिटून दांडू फिरवला असावा, पण चेंडू बरोबर दोन गड्यांच्या मधून निघाला तो पार गवतात गेला. ड्रॉइंग मास्तर धोतर सावरत पाटाकडे पळाले. नाईक पहिल्या पोत्यावरून सुटला.

मी मैदानाच्या मध्यावर उभा होतो, दुसरं पोतं माझ्यासमोर. नाईक त्याच्यापाशी आला, उजवा पाय पोत्यावर टेकणार, तेवढ्यात त्याची नजर खाली गेली. पायांच्या घसटीत पोतं आणखी फाटलं होतं आणि ज्वारी मातीत पसरली होती. त्याचा पाय टेकता टेकता वर उचलला गेला आणि पोत्याच्या पलीकडे पडला. त्यानं पळता पळताच हात कपाळाला लावला आणि तिसऱ्या पोत्यावर जाऊन थांबला. तोवर ड्रॉइंग मास्तर पाटावर पोचून नाचू लागले होते.

एकच गलका झाला. शेठनी उपरणं हवेत उडवलं. पोरं नाईकाला उचलायला धावली. मी मात्र त्या पोत्याकडे बघत उभा होतो. मला दिसलं होतं. तेवढंच बघायला मला तिथं उभं केलं होतं. आमचे साताऱ्याचे गडी माना खाली घालून परतू लागले. ते मैदानाबाहेर पडले की अपिलाची वेळ संपणार होती. मी मनात म्हणत होतो, जा रे बाबांनो, लवकर जा. अंपायरनं असं म्हणू नये. पण मी म्हणत होतो.

दुसऱ्या पोत्यापाशी आमचे गणिताचे मास्तर होते, ते हलले नाहीत. त्यांनी चेंडू मागून घेतला, पोत्याशी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “अंपायर, अपील. यांचा पाय पोत्याला लागलेला नाही.”

गलका थांबला. मी नाईकाकडे बघितलं. त्यानं नजर चुकवली नाही. मी म्हणालो, “बाद.”

सांगलीचे हेडमास्तर पुढे आले. फार सभ्य गृहस्थ. म्हणाले, “बाद तर बाद, आमची तक्रार नाही. पण आमचे ड्रॉइंग मास्तर त्याआधीच पाटावर पोचले होते, साऱ्या जगानं बघितलं. त्यांची रन उभी राहते, नाही का? म्हणजे सामना आमचाच.”

“नाईक जबरीचा गडी होता,” मी म्हणालो.

“होता. पण तो दुसरं पोतं ओलांडून तिसऱ्यापर्यंत गेला. चेंडू त्याच्याआधी कुठं आला? जबरी तिथंच संपली. आता बाद झाला तो चुकीपायी.”

हेडमास्तरांचं म्हणणं ऐकून आमचे गणिताचे मास्तरसुद्धा मान हलवू लागले. त्यांनाही ते पटलं होतं! त्यांना नाईकाची चूक तेवढी दाखवायची होती, सामना पालटेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी ‘बरोबर आहे’ एवढं म्हणायचा अवकाश होता. नाईक बाद, रन कायम, सांगली जिंकली, नाईक मास्तर झाला. सातारकर हसत घरी गेले असते. त्या दिवशी मला खोटं पाडणारा माणूस त्या मैदानाच्या जवळपास कुठं नव्हता.

पण मद्रासला आमच्या शिक्षकांनी नेमका हाच पेच आमच्याकडून घोटवून घेतला होता. जबरीच्या गड्यानं पोतं चुकवलं आणि अपील झालं, तर तो पुढे कुठवर गेला याला काही अर्थ नाही. पोत्याला पाय लागेपर्यंत जबरी संपत नाही. म्हणून ते बाद होणं जबरीचंच धरायचं, आणि तो तिसरा गडी असेल तर आधी आलेली रनही पुसायची. मी दांडूच्या टोकानं मातीत चौकोन काढला आणि सगळ्यांना हे नीट समजावून सांगितलं. हेडमास्तरांनी दोन शंका काढल्या, मी दोन्ही फेडल्या. माझा आवाज चढला होता. खरं सांगतो, समजावताना मला गोडी वाटत होती. इतकी शिकलेली माणसं कान देऊन ऐकतायत, आणि मी एकटाच जाणता! नाईकाच्या बायकापोरांची आठवण मला त्या वेळी झाली नाही. नुसता निकाल दिला असता तर एक वेळ मन स्वस्थ राहिलं असतं. ती गोडी मात्र मला अजून माफ करता आलेली नाही.

“रन धरत नाही,” मी म्हणालो. “सामना बरोबरीत. पुढचा डाव खेळा.”

फाटलं पोतं बाजूला ओढून त्या जागी मी दांडूनं खूण केली. जादा डावात साताऱ्यानं एक रन काढली आणि सांगलीला काढता आली नाही. नाईकाला पुन्हा दांडू धरायची पाळीच आली नाही.

माणसं पांगली तेव्हा नाईक दुसऱ्या पोत्याशी उकिडवा बसून दाणे गोळा करत होता. मातीतून एकेक वेचून फुंकर मारून तो टोपीत टाकत होता. मीही शेजारी बसलो आणि वेचू लागलो. काही तरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, “नाईक, पाय लावायला हवा हे तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“ठावं न्हाई व्हय?” तो म्हणाला. “पर पाय पडंनाच, त्याला काय करू? बियाचा जुंधळा हाय ह्यो मास्तर. टपोरा बगा कसा. दोन सालं झाली आमच्या रानात आसला दाना दिसला न्हाई.”

“मला आधी सांगायचं होतंत. पोतं बदललं असतं.”

“पळताना कुनाला सांगू? पोत्याजवळ पोचलो तवाच दिसलं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुमी दिला आसता का पाय?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग झालं तर,” तो म्हणाला आणि वेचत राहिला.

शेठना ही गोष्ट कळली तेव्हा ते हादरून गेले. हमालानं कोंड्याऐवजी बियाण्याचं पोतं उचललं होतं. “धान्य पायाखाली घातलं मी, हे पाप माझ्या माथी,” असं ते येईल त्याला सांगत सुटले. त्यांनी नाईकाला आपल्या अडत दुकानाच्या गोदामात कामाला ठेवून घेतलं. दाण्याला पाय न लावणाऱ्या माणसाच्या हाती कोठार सोपवलं, म्हणून गावानं त्यांची वाहवा केली. मग काही दिवसांनी शेठचा माणूस साताऱ्याला माझ्याकडे आला. निरोप असा, की आपला-परका न बघता नियम सांगणारा माणूस आम्हाला शाळेत हवा, ड्रिल मास्तरची जागा तुम्ही घ्या.

आपला-परका! मी निकाल माझ्याच साताऱ्याच्या बाजूनं दिला होता. पण बोलण्यात सांगलीकरांचा मोठेपणा होता, आणि माझी हंगामी नोकरी संपत आली होती. मी सांगलीला जाऊन शेठना भेटलो आणि म्हणालो, “जागा नाईकाची आहे, त्यालाच द्यावी.” एकदाच म्हणालो, हळू आवाजात म्हणालो. शेठ म्हणाले, “शब्द जिंकण्यावर होता. फडात बोललेलं मागं-पुढं करू लागलो तर उद्या कोण विश्वास ठेवील? आणि त्याला मी वाऱ्यावर सोडलेलं नाही.” यावर वाद घालता आला असता. अंपायर असताना मी हेडमास्तरांशी किती वेळ वाद घातला होता! त्या दिवशी मात्र मी चहा पिऊन उठलो आणि पुढच्या सोमवारपासून कामावर रुजू झालो.

शाळेत सॉफ्टबॉल मी चालू ठेवला. नाईकाला खेळायला बोलवावं असं अनेकदा मनात आलं आणि प्रत्येक वेळी राहिलं. पुढे मैदानासाठी पोती हवी झाली तेव्हा शेठ म्हणाले, गोदामातून रिकामी घेऊन जा. शिपाई रजेवर होता, म्हणून मीच सायकल काढली.

आत धान्याचा दमट वास येत होता. पोत्यांच्या थप्प्या पार आढ्याला टेकल्या होत्या. नाईक एका थप्पीच्या शेंड्यावर उभा होता, अनवाणी, आणि वरची पोती ओढून खालच्या हमालाच्या पाठीवर देत होता. सगळी ज्वारी होती. एका पोत्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, असा तो सपासप पाय टाकत फिरत होता. गोदामातलं काम दुसऱ्या कुठल्या रीतीनं होत नाही हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मला बघून तो थांबला आणि माझी नजर कुठं आहे ते त्याला कळलं.

“पयल्यांदा लय जड गेलं,” तो वरूनच म्हणाला. “आता सवं झाली. सकाळी चढताना एकदा पाया पडून घेतो.”

तो खाली उतरला. रिकामी पोती काढून त्यानं एकेक उलटं केलं, झटकलं, आणि शिवणीत बोट घालून अडकलेले दाणे काढले. “पोरं पाय देत्यात,” म्हणाला. “दाना ऱ्हायला न्हाई पायजे.” बायकापोरांचं मी विचारलं. ती गावाकडेच होती. गोदामातली खोली एकट्यापुरतीच होती.

पोती बांधताना तो म्हणाला, “मास्तर, एक इचारू? त्या दिशी ड्रॉइंग मास्तर माज्या आदी पाटावर पोचला व्हता न्हवं?”

“होय.”

“तरी त्येची रन गेली. आमी आसामात येवढं खेळलो, पर ह्यो कायदा कवा कानावर आला न्हाई.”

“कायदा आहे, नाईक.”

“आसंल की. तुमी खोटं कशाला सांगाल?” त्यानं सुतळी दातानं तोडली. “पर तितं आणिक कुनाला ठावं व्हता का?”

खोटं बोलायची ही दुसरी संधी होती आणि याही खेपेला मला ते जमलं नाही. मी म्हणालो, “नाही. मला एकट्यालाच.”

“आसं व्हय,” तो म्हणाला.

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यानं पोती माझ्या सायकलला बांधून दिली, गाठ ओढून बघितली, आणि हमालानं हाक मारली तशी परत थप्पीवर चढला. त्यानंतर पोती लागली की मी शाळेच्या शिपायाला पाठवत असे.